गाडी ॲव्हरेज देत नाही? खान्देशच्या ऊन-धुळीत पेट्रोल वाचवायची पद्धत

अमळनेरहून धरणगावमार्गे जळगावला आठवड्यातून दोन-तीनदा माझी फेरी असते. जाऊन-येऊन साधारण ११५ किलोमीटर. गाडी २०१६ ची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. सुरुवातीला लिटरला सतरा-साडेसतरा द्यायची, मग एका वर्षी बघता बघता साडेचौदावर आली. ओळखीच्या मिस्तरींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. शेजारच्या सीटवर बसले, म्हणाले चला, स्टेशनपर्यंत चक्कर मारू. परत येईपर्यंत गप्प होते. उतरताना अहिराणीत म्हणाले, "गाडीनं नंतर देखू भो, पहिले तुना पायच जड शे." म्हणजे गाडीचं नंतर बघू, आधी तुझाच पाय ॲक्सिलरेटरवर जड पडतो.

तेव्हा राग आला होता. पण ते निम्मे बरोबर होते. उरलेला निम्मा दोष गाडीतच निघाला, त्याची गोष्ट पुढे येईल. आज तीच गाडी पुन्हा साडेसतराच्या आसपास देते. महिन्याला १२०० किलोमीटर आणि पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरलं, तर साडेचौदाला सुमारे ८३ लिटर लागतं आणि साडेसतराला ६८-६९. म्हणजे महिन्याला दीड हजार रुपये वाचतात. त्यासाठी मला एकदा हजार-बाराशे रुपये खर्च आला, शिवाय हवेचा गेज आणि एक व्हॉल्व्ह, बाकी सगळं फुकटात झालं. ज्या क्रमानं केलं त्याच क्रमानं खाली सांगतो, फक्त घाटाचं आणि एसीचं थोडं इकडेतिकडे झालंय.

आधी वही, मग पाना

"माझी गाडी वीस देते" असं सांगणाऱ्या दहा जणांपैकी मोजलेलं एकानंही नसतं. डॅशबोर्डवरचा आकडा अंदाजे असतो, बहुतेक गाड्यांत तो थोडा खुशामती करणाराच असतो. खरं मोजायची रीत एकच: टाकी फुल ते टाकी फुल.

पंपावर टाकी भरा, नोझल पहिल्यांदा आपोआप 'खट्' करून बंद झालं की थांबा. पुढे "दोन रुपयांचं राउंड फिगर करतो" म्हणणाऱ्या पोराला हात दाखवा. त्या वरच्या पेट्रोलानं मोजमाप बिघडतंच, शिवाय काठोकाठ भरलं तर टाकीतली वाफ धरून ठेवणाऱ्या डब्यात पेट्रोल शिरून तो डबा खराब होऊ शकतो. ट्रिप मीटर शून्यावर आणा. टाकी पाव राहीपर्यंत नेहमीसारखी गाडी चालवा. मग शक्यतो त्याच पंपावर, त्याच मशीनवर, पुन्हा पहिल्या 'खट्'पर्यंत भरा. ट्रिपचे किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर. ४१२ किलोमीटर झाले आणि २४.६ लिटर बसलं, तर ॲव्हरेज १६.७.

एका टाकीवरून काही ठरवू नका. तीन टाक्यांची सरासरी घ्या. वहीत तारीख, किलोमीटर, लिटर आणि एक शेरा लिहा: एसी सतत होता का, चार माणसं होती का, गावातच फिरली की हायवेला. माझी वही ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे, तिला पेन दोरीनं बांधलंय, कारण पेन पोरं पळवतात. पुढे जो काही बदल कराल तो एका वेळी एकच करा, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही.

हवा: सगळ्यात स्वस्त दुरुस्ती

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. दाराच्या खांबावर, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत, एक छोटा स्टिकर असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांना किती पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा हवी ते त्यावर लिहिलेलं असतं, माणसं कमी असताना वेगळी आणि भरगच्च असताना वेगळी. टायरच्या कडेवर कोरलेला मोठा आकडा तुमच्यासाठी नाही, ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरसाठी असतो. थंड म्हणजे गाडी तीनेक तास उभी असताना, किंवा फार तर एक-दोन किलोमीटर चालल्यावर. आता अडचण अशी की पंप घरापासून पाच किलोमीटरवर, आणि तिथं पोचेपर्यंत टायर तापलेला. यावर माझा उपाय म्हणजे स्वतःचा हवा मोजायचा गेज, तो चार-पाचशेत मिळतो. सकाळी अंगणातच चारही चाकं मोजायची. समजा ३३ हवी आणि पुढच्या डाव्या चाकात २७ निघाली. म्हणजे ६ कमी. पंपावर गेल्यावर तेच चाक गरम होऊन २९ दाखवेल. तेव्हा ३३ भरून गप्प बसायचं नाही, २९ मध्ये ६ मिळवून ३५ करायची. सकाळी पुन्हा मोजली की बरोबर ३३ भरते.

पहिल्यांदा मोजलं तेव्हा माझ्या चार चाकांत २७, २९, २२ आणि २८ होती. २२ वालं चाक डोळ्यांना अगदी ठीक दिसत होतं. आताचे रेडियल टायर तसेही खाली थोडे फुगलेलेच दिसतात, त्यामुळे लाथ मारून हवा बघणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. त्या चाकाच्या व्हॉल्व्हवर थुंकी लावली तर बुडबुडे आले. तीस रुपयांचा व्हॉल्व्ह बदलला.

आता खान्देशातला एक मोठा गैरसमज. एप्रिल लागला की टायरवाले सुद्धा सांगतात, "ऊन फार आहे, दोन-चार पॉइंट कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल." हे उलटं आहे. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेरीत जास्त वाकते, वाकण्यानं आत उष्णता तयार होते, आणि ४४ अंशांच्या उन्हात तापलेल्या डांबरावर तीच उष्णता टायर फोडते. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यातल्या दुपारी हायवेला फुटणारे टायर बहुतेक कमी हवेचे किंवा झिजलेले असतात. चालून गरम झालेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय वाढलेली दिसली तरी ती सोडायची नाही. टायर बनवताना ती वाढ धरलेलीच असते.

थंडीत याच्या उलट होतं. तापमान साधारण साडेपाच अंश उतरलं की एक पीएसआय कमी होते. मे महिन्यात दुपारी उभ्या गाडीत ३३ भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे, पारा दहावर असताना, गळती न होताही २७-२८ वर आलेली असते. शिवाय महिन्याला एखादा पीएसआय तसाच झिरपतो. म्हणून दिवाळीनंतर एकदा न विसरता, आणि एरवी पंधरा दिवसांनी मोजावी. स्टेपनीचीही.

चारही चाकांत दहा पीएसआय कमी असेल तर इंधन दोन-तीन टक्के जास्त जातं. आकडा छोटा आहे. पण फुकटात मिळतो, आणि टायर वेळेआधी कडांनी झिजतात तो खर्च वेगळाच. नायट्रोजनसाठी मात्र पैसे घालवू नका. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

उजवा पाय

मिस्तरींनी मला नेमकं काय पकडलं होतं ते नंतर विचारलं. त्यांचं म्हणणं, मी प्रत्येक गतिरोधकापर्यंत रेस देत जातो आणि तिथं जोरात ब्रेक मारतो. पेट्रोल जाळून जो वेग कमावला तो ब्रेकच्या लायनरमध्ये घासून टाकायचा, आणि पुढे पुन्हा पेट्रोल जाळायचं. धरणगाव रस्त्यावर गावागणिक दोन-तीन गतिरोधक येतात, हिशोब तुम्हीच करा.

यावरची सवय सोपी आहे, पण अंगवळणी पडायला महिना जातो. पुढच्या गाडीच्या टेललाइटकडे न बघता तिच्याही पुढे, दीड-दोनशे मीटर लांब बघायचं. गतिरोधक, उसाचा ट्रॅक्टर, म्हशींचा कळप, लाल सिग्नल, काहीही दिसलं की लगेच पाय उचलायचा आणि गाडी गियरमध्येच वाहू द्यायची. ब्रेकला पाय शेवटी लावायचा. ही एक गोष्ट नीट जमली की गावातल्या गाडी चालवण्यात दहा ते वीस टक्के फरक सहज दिसतो. या लेखात सगळ्यात जास्त पैसे याच परिच्छेदात आहेत.

गियरचं दुखणं दोन्हीकडून असतं. काहीजण तिसऱ्यावर साठ नेतात, काहीजण "टॉपवर ॲव्हरेज मिळतं" म्हणून चाळीसला पाचवा टाकतात आणि गाडी धडधडत रडत जाते. पेट्रोल गाडीत दोन ते अडीच हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दरम्यान पुढचा गियर, डिझेलला त्याहून थोडा आधी. आरपीएमचा काटा नसेल तर कानानं: इंजिन ओरडायला लागायच्या आधी बदला, आणि गुरगुरायला लागलं की एक गियर खाली या. क्लचवर पाय ठेवून चालवणाऱ्यांचं तर इंधनही जातं आणि क्लच प्लेटही.

वेगाचं गणित हायवेला कळतं. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० ऐवजी १०० नं गेलात की वेग सव्वापट होतो, पण हवेचा रोध दीडपटीहून जास्त होतो. जळगाव ते धुळे नव्वदेक किलोमीटर. सलग १०० नं ५४ मिनिटं, ८० नं ६७-६८. वाचली ती तेरा मिनिटं, तीही कागदावर, कारण पारोळा-एरंडोलकडे मध्येच पुढे दोन ट्रक एकमेकांना ओव्हरटेक करत असतात आणि तेरापैकी सात तिथंच जातात. मला घाई असते तेव्हा मीही शंभरनं जातो, खोटं कशाला बोलू. पण ती किंमत आहे हे माहीत असतं.

उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणं ही आपल्याकडची खास सवय. रेल्वे फाटक पडलं की दहा मिनिटं, कधी मालगाडीपाठोपाठ एक्स्प्रेस आली तर वीस. छोटं पेट्रोल इंजिन उभ्यानं तासाला अर्धा-पाऊण लिटर पितं, एसी लावला तर लिटरच्या घरात. पुन्हा सुरू करायला जेवढं लागतं तेवढं पेट्रोल दहाएक सेकंद उभं राहण्यातच जळतं. फाटकावर किल्ली फिरवायची. मेडिकलसमोर "आलोच" म्हणून चालू ठेवलेल्या गाडीलाही हेच लागू.

सकाळी गाडी पाच मिनिटं तापवत ठेवायची पद्धतही जुनी झाली. इंजेक्शनच्या, म्हणजे कंप्युटर मोजून पेट्रोल सोडतो अशा, इंजिनाला अर्धा मिनिट पुरे, मग पहिले दोन किलोमीटर हळू चालवा. थंड इंजिन जास्त पेट्रोल घेतं, म्हणून किराणा, बँक आणि दवाखान्यासाठी तीन वेगळ्या चकरा मारण्यापेक्षा एकाच फेरीत उरका.

घाटात न्यूट्रल नको

चाळीसगावहून कन्नडला जाताना औट्रम घाट लागतो. उतरताना तिथं हमखास गाड्या न्यूट्रलमध्ये सोडलेल्या दिसतात, काहींनी तर इंजिनच बंद केलेलं असतं. माझे एक नातेवाईक याला "फुकटचे किलोमीटर" म्हणायचे.

खरं म्हणजे इंजेक्शनच्या गाडीत गणित उलटं आहे. गाडी गियरमध्ये आणि पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण उचललेला असेल, तर चाकं इंजिनाला फिरवतात आणि कंप्युटर इंजिनाला पेट्रोल देणं थांबवतो. आरपीएम अगदी खाली येईपर्यंत खर्च शून्य. न्यूट्रल केलं की इंजिनाला स्वतःच्या जिवावर फिरत राहावं लागतं, म्हणजे पेट्रोल चालू. डॅशबोर्डवर तात्काळ ॲव्हरेज दाखवणारी गाडी असेल तर बघा: गियरमध्ये उतरताना आकडा शेवटच्या टोकाला जाऊन चिकटतो.

आणि न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. त्या घाटात खालच्या वळणांवर लायनर जळल्याचा वास मी कित्येकदा घेतलाय. इंजिन बंद केलं तर ब्रेकची व्हॅक्यूम मदत दोन-तीन दाबांत संपते, स्टिअरिंग दगडासारखं होतं. ज्या गियरनं चढाल त्याच गियरनं उतरा. लळिंगचा घाट असो की तोरणमाळचा, नियम तोच.

बॉनेटखाली

आता माझ्या गाडीचा दोष. ज्या डिसेंबरात मिस्तरींनी मला बोल लावला, त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की हायवेला अर्धा तास चालूनही तापमानाचा काटा पावाच्या वर चढत नाही. आधी तो मध्याच्या जरा खाली येऊन थांबायचा. हिटरही कोमट हवा टाकत होता. मिस्तरींना सांगितलं, तर त्यांनी इंजिनावर थर्मोस्टॅट बसतो ते झाकण दोन बोल्ट काढून उघडलं. आत काहीच नव्हतं. रिकामी खोबण.

मग आठवलं. त्याच वर्षी मे महिन्यात गाडी गरम झाली म्हणून मी ती दुसऱ्या एका गॅरेजला टाकली होती. तिथं पंखा दुरुस्त केला आणि वर "आपल्या उन्हाला हा वॉल लागत नाही" म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकला, मला न सांगता. खान्देशात, विदर्भात ही पद्धत सर्रास आहे. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटच्या, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, वाटेवरचा दरवाजा. इंजिन थंड असताना तो बंद राहतो, ८०-९० अंशांच्या दरम्यान उघडतो. तो काढला की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, इंजिन कधी नीट तापतच नाही, आणि कंप्युटरला वाटतं की गाडी अजून आत्ताच सुरू झालीय. तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. नवा थर्मोस्टॅट आणि कूलंट मिळून हजार-बाराशे लागले. पुढच्या तीन टाक्यांत वहीत लिटरमागे किलोमीटरभर फरक दिसला.

गाडी तापत असेल तर रेडिएटरचा पंखा, कूलंटची पातळी, तुंबलेला रेडिएटर, झाकणाचं रबर हे बघायला सांगा. काढलेला प्रत्येक सुटा भाग तुमच्या हातात द्यायला सांगा.

त्याच विचारातून आलेली दुसरी खोड म्हणजे "उन्हाळा आहे, जाड ऑइल टाका". गाडीच्या पुस्तकात ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच टाकायचं. दुसरा आकडा गरम इंजिनातली घट्टी सांगतो, आणि कंपनीनं उन्हाळा धरूनच तो ठरवलेला असतो. जाड ऑइल ढवळायला इंजिनाची ताकद जाते, एखाद-दोन टक्के.

एअर फिल्टरबद्दल मात्र माझं मत गॅरेजवाल्यांशी जुळत नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत फिल्टर तुंबला की पेट्रोल जास्त जायचं, हे खरं होतं. आताच्या गाडीत सेन्सर आत येणारी हवा मोजतो आणि त्या प्रमाणात पेट्रोल देतो. त्यामुळे तुंबलेल्या फिल्टरनं आधी ओढ कमी होते. ॲव्हरेजवर परिणाम होतो तो आपण चिडून जास्त रेस देतो म्हणून. तरी फिल्टर बदलायचाच, आणि शेतरस्त्यावर गाडी जात असेल तर पुस्तकातल्या मुदतीच्या निम्म्यावर, कारण काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. कॉम्प्रेसरचा झोत अगदी जवळून मारला तर कागद फाटतो. तो लांबून, हळू आणि आतून बाहेर मारा.

कापसाच्या हंगामात आणखी एक काम निघतं. ऑक्टोबर ते जानेवारी ट्रॅक्टर भरून कापूस जिनिंगला जातो, रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकतात. तीच रुई एसीच्या कंडेन्सरच्या जाळीत, रेडिएटरच्या पुढे, गादीसारखी बसते. मग पंखा सारखा फिरतो, एसीचा कॉम्प्रेसर जास्त राबतो. जानेवारीत एकदा साध्या पाण्याच्या धारेनं जाळी धुवून घ्या. जोराचा प्रेशर जेट समोरून मारू नका, ॲल्युमिनियमची पाती वाकतात.

पिवळा इंजिनाचा दिवा लागला असेल तर बाकी सगळं सोडून आधी तो बघा. ऑक्सिजन सेन्सर बिघडलेला असेल तर तेवढ्यानंच ॲव्हरेज कोसळतं, गाडी मात्र वरवर नीट चालते म्हणून माणूस महिनोन्महिने दिवा घेऊन फिरतो. स्कॅनर लावून कोड वाचायला पाच मिनिटं लागतात. स्पार्क प्लग पुस्तकातल्या मुदतीला बदला, एवढंच.

ब्रेक धरून राहिलाय का, हे घरी बघता येतं. पाच-सहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा, हळूच थांबवा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. एक चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथला ब्रेक सुटत नाही. पावसाळ्यानंतर चिखल सुकून कॅलिपरच्या पिना अडकतात, तेव्हा हे हमखास निघतं. साफ करून ग्रीस लावलं की काम होतं. स्टिअरिंग सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, किंवा टायरची एकच कड झिजत असेल, तर अलाइनमेंट करून घ्या.

एसी, सावली आणि आखाजी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला धुळ्याहून आणायला जातो तेव्हा दुपार असते, बाहेर ४३-४४ अंश. अशा वेळी "ॲव्हरेजसाठी एसी बंद ठेवा" हा सल्ला देणाऱ्याला मागच्या सीटवर बसवावं. एसी लावायचाच, पण रीतीनं.

उन्हात उभ्या गाडीत आतलं तापमान साठच्या वर जातं. दारं लावून लगेच एसी फुल करणं म्हणजे ती सगळी भट्टी कॉम्प्रेसरकडून थंड करून घेणं. आधी समोरासमोरच्या काचा उघडून एक-दोन मिनिटं गाडी चालवा, गरम हवा फुकटात बाहेर जाते. मग काचा लावा, एसी लावा, आणि आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा, म्हणजे तो बाहेरची ४४ अंशांची हवा थंड करत बसणार नाही. गार झालं की पंखा कमी करा. गावात सकाळी-संध्याकाळी काचा उघड्या चालतात, हायवेला ऐंशीच्या पुढे उघड्या काचांनी हवा अडते, तिथं एसीच बरा.

दुकानापासून शंभर पावलं लांब पण लिंबाखाली जागा असेल तर तिथं लावा. पुढच्या काचेला पत्रा-पडदा लावायचा विसरू नका.

डिकी रिकामी करा

पन्नास किलो जादा वजनानं छोट्या गाडीत एक टक्का इंधन जातं. शेतावरून आणलेलं गव्हाचं पोतं महिनाभर डिकीत फिरत असेल तर उतरवा. टपावरचं कॅरियर लग्नसराई संपली की काढा, ते रिकामं असलं तरी हवा अडवतं.

पेट्रोल, पंप आणि ऐकीव गोष्टी

दोन-एक वर्षांत ॲव्हरेज थोडं उतरलंय अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते, त्यात तथ्य आहे. २०२५ मध्ये देशातल्या पेट्रोलात इथेनॉलचं मिश्रण २० टक्क्यांवर पोचलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींना ६-७ टक्के, तर १० टक्क्यांसाठी बनलेल्या आणि २० साठी जुळवलेल्यांना १-२ टक्के फटका धरला होता. म्हणून वहीत जुने आकडे नव्याशी ताडताना हे लक्षात ठेवा. २०२३ च्या आधीची गाडी असेल तर पुस्तकात किती टक्के मिश्रण चालतं ते वाचा. फार दिवस उभी राहणार असेल तर टाकीचं झाकण घट्ट बसतंय ना बघा, इथेनॉल पाणी ओढतं.

"पहाटे पेट्रोल भरा, थंडीत दाट मिळतं" हे अर्धवट विज्ञान आहे. पेट्रोल दहा अंशांना सुमारे एक टक्का फुगतं, बरोबर. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथं दुपार आणि पहाट यांत फारसा फरक पडत नाही. शंभरऐवजी एकशे दहाचं भरल्यानं फसवणूक टळते, हीही ऐकीव गोष्ट. टाकीत टाकायच्या बाटल्या आणि पाइपला लावायची चुंबकं यांवर मी पैसे घालवून बघितलेत, वहीत रेघही हलली नाही.

मापाची शंका आली तर भांडू नका. आधी मशीन शून्यावर आहे का बघा. तरी समाधान झालं नाही तर पाच लिटरच्या शिक्क्याच्या मापात मोजून मागा. ते माप प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर दाखवावं लागतं. एरंडोलच्या अलीकडे एका पंपावर मी एकदा मागितलं. मॅनेजर तोंड वाकडं करत आतून घेऊन आला, पोरानं भरलं, आणि पेट्रोल बरोबर रेघेवर येऊन थांबलं. ओशाळून मी ते पाच लिटर माझ्याच टाकीत ओतून घेतलं आणि वहीत लिहिलं: माप ठीक, हवा मोजली नव्हती.